कपड्यांनिशी पोहणं

डेल्फ्टमधल्या बहुतेक कालव्यांना कठडा नाही. फरशीचा रस्ता, कडेला लावलेल्या सायकली आणि लगेच पाणी. नव्याने नेदरलंड्सला आलेल्या आईवडिलांच्या पोटात पहिले काही महिने गोळा येतो तो इथेच. तिथली माणसं मात्र त्या काठावर खुर्च्या टाकून कॉफी पितात आणि त्यांची पोरं बाजूलाच खेळत असतात. हा बेफिकीरपणा नाही. त्या देशात मूल चार-पाच वर्षांचं झालं की त्याला पोहण्याच्या वर्गाला घालतात, आणि ए, बी, सी अशा तीन पदविका असतात. ए पदविकेच्या परीक्षेत एका भागात मुलाला अंगातल्या शर्ट-पँटसह, पायात बूट घालून पाण्यात उतरावं लागतं. कालव्यात पडणारं मूल पोहण्याचे कपडे घालून पडत नाही, एवढा साधा विचार त्यामागे आहे. दुसऱ्या भागात पाण्यात एक पडदा उभा सोडलेला असतो, त्याला भोक असतं. काठापासून तीन मीटर पाण्याखालून जाऊन त्या भोकातून पलीकडे निघायचं. कालव्यात पडणारं मूल पोहण्याचे कपडे घालून पडत नाही, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

या गोष्टीतला मुलगा सहा वर्षांचा. वडील रॉटरडॅमला नोकरीला, आई घरून काम करणारी. बुधवारी शाळा लवकर सुटते म्हणून पोहणं बुधवारी. डबा खाऊन झाला की आई आणि तो सायकलवरून तलावाकडे निघायचे. सगळं नीट चाललं होतं. डोकं पाण्याखाली घालायला तो शिकला, पाठीवर तरंगायला शिकला. मग मे महिन्यात पुण्याहून आजी आली. नव्वद दिवसांचा व्हिसा, एका बॅगेत कपडे आणि दुसरीत मेतकूट, गोडा मसाला, भाजणी आणि नातवासाठी खाऊचे डबे.

आजीची माया काय वर्णावी! सकाळी तो उठायच्या आत तिच्या हातचे घावन तव्यावर असायचे. शाळेत सोडायला तीच जायची. पण कालव्याच्या रस्त्याला लागले की तिचा हात नातवाच्या मनगटावर घट्ट बसायचा. त्याला ती घरांच्या भिंतीकडच्या बाजूला ठेवायची, स्वतः पाण्याकडच्या बाजूने चालायची, आणि पूल आला की त्याला जवळजवळ ओढतच पार न्यायची. तो विचारायचा, "आजी, दुखतंय, का धरतेस एवढं?" आजी म्हणायची, "तुला नाही कळायचं. पाणी कुणाचं नसतं."

आपल्याकडे मुलांपासून वाईट ते लपवण्याला माया म्हणतात, आणि ती खरी माया असते यात मला शंका नाही. पण गोष्ट लपवली तरी भीती लपत नाही. ती मनगटाला कळते.

तीन-चार आठवड्यांत तो पडद्याजवळ थांबायला लागला. इतर मुलं एकेक करून भोकातून पलीकडे जायची आणि हा काठाला धरून उभा. शिकवणाऱ्या बाईंनी एकदा आईला बाजूला घेऊन सांगितलं, "त्याला येतं सगळं. पण हल्ली तो पाण्याकडे बघतो आणि गोठतो. घरी काही झालंय का?" सुनेला उत्तर माहीत होतं. सासूबाईंना कसं सांगायचं ते माहीत नव्हतं. ती रात्री नवऱ्याशी बोलली. तो म्हणाला, "आईचं हे असंच आहे गं. मलाही तिनं कधी पोहायला जाऊ दिलं नाही. टिळक तलाव घरापासून एवढ्याशा अंतरावर होता. सगळे मित्र जायचे, मी नाही. का, ते मी कधी विचारलं नाही."

पुढच्या रविवारी ते सगळे भाड्याची गाडी घेऊन झीलंडला गेले. आजीला समुद्र दाखवायचा आणि वाटेत आउवेरकेर्क गावातलं पुराचं संग्रहालय बघायचं, असा बेत. 31 जानेवारी 1953 च्या रात्री उत्तर समुद्रात वादळ उठलं, त्यातच उधाणाची भरती होती, आणि देशाच्या नैर्ऋत्येकडचे बांध एकामागून एक फुटले. नेदरलंड्समध्ये 1,836 माणसं गेली. बांधाचं शेवटचं मोठं भगदाड आउवेरकेर्कला होतं. ते 6 नोव्हेंबरला बुजलं, दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या स्वारीसाठी बनवलेल्या पेट्यांपैकी उरलेल्या काँक्रीटच्या अजस्र पेट्या आणून बुडवल्या तेव्हा. संग्रहालय त्या पेट्यांच्याच पोटात आहे. भिंती ओबडधोबड, आत गारवा, आणि पुरात गेलेल्या माणसांची नावं.

तिथे एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ मुलांना माहिती सांगत होते. पुराच्या रात्री ते आठ वर्षांचे होते, घराच्या छपरावर बसलेले. त्यांनी काहीही मऊ करून सांगितलं नाही. गाई कशा ओरडत होत्या, शेजारचं घर कसं एकदम दिसेनासं झालं, शेजारची माणसं पुन्हा कशी दिसली नाहीत, सगळं सांगितलं. समोर पाच-सहा वर्षांची मुलं मांडी घालून ऐकत होती. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात रात्री पाणी आलं तर पहिलं काय कराल?" मुलांनी हात वर केले. कुणी म्हणालं वरच्या मजल्यावर, कुणी म्हणालं धाकट्या बहिणीला उठवीन, कुणी म्हणालं बूट घालीन.

नातू आजीला सगळं मराठीत सांगत होता. सांगता सांगता त्याने सहज विचारलं, "आजी, तुझ्या घरात कधी पाणी आलं होतं?"

आजी बाकावर बसली. तिचा मुलगा पुढे होऊन काहीतरी बोलणार, तेवढ्यात तीच बोलायला लागली.

"आलं होतं रे राजा. 12 जुलै 1961. मी सात वर्षांची. आमचा वाडा शनिवारात, ओंकारेश्वराजवळ. सकाळी गल्लीत कुणी ओरडत आलं, पानशेतचं धरण फुटलं, पळा. आई म्हणाली, आवई असेल, आणि तिनं पुढची पोळी लाटायला घेतली. मग मोरीतून पाणी वर यायला लागलं. रस्त्यावरून आलं नव्हतं अजून, आधी मोरीतून आलं. काळं. आई पिठाच्या हातानेच आम्हाला घेऊन माळ्यावर चढली. खाली घंगाळ तरंगत होतं आणि भिंतीवर आपटत होतं, ठण्, ठण्. पाणी माळ्याच्या पायऱ्या चढायला लागलं."

"मग?"

"समोरच्या वाड्याला दोन मजले होते. तिथला एक तालमीतला मुलगा, असेल सतरा-अठरा वर्षांचा, त्यानं पाण्यात उडी टाकली. तो आला, मला पाठीवर घेतलं, पलीकडे पोचवलं. परत आला, भावाला नेलं. परत आला, आईला दोराला धरून नेलं. वाडा संध्याकाळी बसला. मग आम्ही गोखलेनगरला, पूरग्रस्तांच्या पत्र्याच्या खोल्यांत. पुण्यात त्या वेळी सगळीकडे चिखल आणि प्यायला थेंब नाही, कारण खडकवासल्याची भिंतही फुटली होती. त्यानंतर माझ्या आईनं आम्हाला नदीच्या बाजूला फिरकू दिलं नाही. आणि मी तुझ्या बाबाला."

मुलगा आईकडे बघत राहिला. चाळिशीला आलेल्या त्या माणसाने घरातली ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली होती. त्याला एवढंच ठाऊक होतं की आजोळचा जुना वाडा "पुरात गेला".

नातवाने मात्र वेगळंच धरलं होतं. "आजी, त्या दादाला पोहता येत होतं?"

"येत होतं म्हणून तर मी इथे बसलेय."

"कपडे घालून?"

"मग काय! सदरा, लेंगा, सगळं अंगात. काढायला वेळ कुठे होता?"

"म्हणजे त्याच्याकडे ए होतं," नातू म्हणाला, आणि वळून त्या वृद्ध गृहस्थांना डचमध्ये सगळी हकिगत सांगायला लागला. पानशेत, पिठाचे हात, घंगाळ, तालमीतला दादा. गृहस्थांनी ऐकून घेतलं. आजीजवळ येऊन त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि विचारलं, तो मुलगा वाचला का? नातवाने प्रश्न आजीला सांगितला. "वाचला," आजी म्हणाली. "पुढे वीस वर्षं दर दिवाळीला आई त्याच्याकडे फराळाचा डबा पाठवायची."

एकाच माणसाने तिच्या घरच्यांना वाचवलं होतं, ते त्याला पाण्यात उतरता येत होतं म्हणून. आणि त्याच पुरातून तिच्या आईने मुलांना शिकवलं ते एवढंच, की पाण्यापासून लांब राहायचं. त्या माउलीला दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. भिजलेल्या धान्याच्या वासात जिने महिने काढले, तिने मुलांना आणखी काय सांगावं? पण तो धडा तिथेच थांबायला हवा होता. तो पुण्याहून डेल्फ्टपर्यंत, तिसऱ्या पिढीच्या मनगटापर्यंत येऊन पोचला होता.

त्यानंतरच्या बुधवारी आजी म्हणाली, "मी पण येते." ती काचेच्या अलीकडे, इतर आयांमध्ये बसली. आत मुलं शर्ट-पँटमध्ये, बुटांसकट, रांगेत उभी होती. ओल्या कपड्यांतून पाणी निथळत होतं. पँटचं ओझं कसं खाली ओढतं ते तिला पहिल्याच मुलाकडे बघून कळलं, आणि ती सुनेला म्हणाली, "हे बरं करतात हो. आधीच कळतं पोराला, कपडे किती जड होतात ते." नातू पडद्यापाशी आला. थांबला. काचेकडे बघितलं. आजीने दोन्ही हात वर केले आणि पलीकडे जा अशी खूण केली. त्या दिवशी तो गेला नाही. पुढच्या बुधवारी गेला.

जुलैच्या सुरुवातीला त्याला ए पदविका मिळाली. त्या दिवशी आईवडिलांना आणि आजीला तलावाच्या काठापर्यंत जायची परवानगी होती, आणि आजी पायातले मोजे काढून ओल्या फरशीवर तासभर उभी होती. घरी आल्यावर तिच्या मुलाने संगणकावर प्रौढांच्या पोहण्याच्या वर्गात स्वतःचं नाव नोंदवलं.

पानशेतचा पूर समजत्या वयात पाहिलेली माणसं आता सत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. त्यांतली कितीतरी उन्हाळ्यात मुलांकडे, नातवंडांकडे परदेशी जातात. ती तुमच्याकडे आली असतील तर नातवंडांना समोर बसवा आणि त्यांना सगळं सांगू द्या, काही न गाळता. आणि नेदरलंड्समध्ये राहत असाल तर मुलांची नावं पोहण्याच्या वर्गात लवकर घाला. बऱ्याच गावांत प्रतीक्षायादी लांब असते.