पायात चपला अडकवून

मिनिआपोलिसच्या घरात दाराजवळ एक बाक होता. खाली बर्फाचे बूट, वर खुंट्यांना आमचे तीन कोट आणि आई हिवाळ्यात आलीच तर तिच्यासाठी ठेवलेला चौथा, शेजारच्या टोपलीत हातमोजे. नोव्हेंबर ते एप्रिल त्या बाकावर टेकल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नसे. लेकीला शाळेत पाठवायचं तर आधी लोकरी मोजे, मग फुगीर विजार, बूट, कोट, गळपट्टा, टोपी आणि सगळ्यांत शेवटी हातमोजे. कचरा टाकायला जायचं तरी कोट, पेटीतलं टपाल आणायचं तरी बूट. तेरा वर्षं हे केलं. यात आपलं काही जातंय असं कधी वाटलं नाही, कारण जे जात होतं ते फार लहान होतं. उगाच बाहेर जाणं, एवढंच.

30 जानेवारी 2019 रोजी तिथे पारा उणे 33 अंशांवर गेला. शाळा बंद होत्या. त्याच आठवड्यात नवऱ्याला ह्यूस्टनमधल्या नोकरीसाठी विचारणा झाली. साधा सोफा घ्यायचा तरी महिनाभर खल करणारे आम्ही दोघं. संध्याकाळपर्यंत होकार कळवून मोकळे झालो.

जूनमध्ये शुगर लँडला, ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येच्या उपनगरात, राहायला आलो. पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर नवरा म्हणाला, "चला, एक फेरी मारून येऊ." मी सवयीने कोट शोधायला वळले. मग लक्षात आलं. पायात चपला अडकवल्या आणि निघालो.

त्या चपलांचा मी नंतर पुष्कळ विचार केला. रोजच्या सुखांविषयी बोलताना आपण चहाचं, पावसाचं, गाण्याचं नाव घेतो. मला वाटतं, ते सुख ओळखायचं ते त्याला किती तयारी लागते यावरून. सणाला, सहलीला तयारी लागते आणि ती असावीच. निम्मी मजा तीच. पण रोजचं सुख तयारीच्या ओझ्याखाली जगत नाही. कढईत तेल तापत असताना गॅस बारीक करायचा, मागच्या दाराने अंगणात जायचं, कढीपत्त्याच्या दोन काड्या तोडून परत यायचं, यात आधी ठरवण्यासारखं काही नाही. दाराशी बाक आला, की माणूस विचार करतो, खरंच जायला हवं का? असा हिशेब सुरू झाला की ते जाणं राहूनच जातं.

कढीपत्त्याची गोष्ट सांगायलाच हवी. मिनिआपोलिसला आमचा कढीपत्ता कुंडीत होता. सप्टेंबर संपता संपता कुंडी आत यायची, दक्षिणेच्या खिडकीत दिव्याखाली सहा महिने काढायची आणि मे महिन्यात पुन्हा बाहेर. तुळशीला तेवढंही जमत नसे. ती दिवाळीपर्यंत काड्या होऊन जायची आणि तुळशीचं लग्न आम्ही चित्रापुढे लावायचो. ह्यूस्टनला येताना कुंडी आणता आली नाही. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्याच्यावर राहणारी एक चिमुकली कीड लिंबूवर्गीय झाडांचा जीवघेणा रोग पसरवते, म्हणून टेक्साससारख्या फळबागांच्या राज्यांत बाहेरून त्याचं रोप न्यायला बंदी आहे. नियम योग्यच आहे. तरी शेजारच्या तेलुगू मैत्रिणीच्या हाती कुंडी देताना मला रडू आलं. ह्यूस्टनला आमच्याच गल्लीतल्या एका घरातून मुळाशी फुटलेलं पिल्लू मिळालं. ते कुंडीत नाही, जमिनीत लावलं. तुळसही अंगणात आली. त्या वर्षीच्या कार्तिकात तिच्याभोवती ऊस बांधला तेव्हा मंजिऱ्यांवर मधमाश्या होत्या.

आई चिपळूणहून आली ती जानेवारीत. मिनिआपोलिसला ती फक्त उन्हाळ्यात यायची आणि तरीही, इथे माणसं दिसत नाहीत, म्हणायची. इथे ती रोज सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची. हवा आपल्यासारखीच चिकट आहे, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. दमट हवेत त्या वाळायला तीन दिवस लागले आणि ते तीन दिवस खारी हाकलण्यात गेले. सगळ्या गल्लीशी तिची ओळख त्या खारींमुळे झाली.

पण उन्हालाही दार बंद करता येतं, हे पुढच्या जुलैत कळलं. ऑक्टोबर ते एप्रिल आम्ही अंगणात राहतो. जून ते सप्टेंबर वातानुकूलित घरातून वातानुकूलित गाडीत. मिनिआपोलिसने थंडी चुकवण्यासाठी 1962 पासून इमारती काचेच्या पुलांनी जोडल्या. आज ते जाळं सुमारे 15 किलोमीटरचं आहे. ह्यूस्टनने मध्यवस्तीच्या रस्त्यांखाली वीस फुटांवर सुमारे 10 किलोमीटरची भुयारं केली, आणि तिथली दुपारची गर्दी ऊन टाळते. एक शहर पुलावर चढलं, दुसरं जमिनीत उतरलं. पाय रस्त्याला लागू नयेत हाच दोघांचा हेतू. म्हणून 'गरम हवेत गेलो आणि सुखी झालो' असं मी म्हणणार नाही. वर्षातले सात महिने आम्हाला परत मिळाले, एवढंच म्हणेन, आणि ते पुष्कळ आहे.

आणि हे ऊन सगळ्यांना सुखाचं नाही. शुगर लँड हे नाव उसावरून आलं. 1865 मध्ये गुलामगिरी संपली. त्यानंतर तुरुंगातले कैदी, बहुतेक काळे, भाड्याने इथल्या मळ्यांना दिले जात. 2018 मध्ये शाळेचं बांधकाम चालू असताना अशा 95 जणांचे अवशेष सापडले. त्यांत चौदा-पंधरा वर्षांची पोरंही असावीत. ज्या उन्हात मी पापड्या वाळवते त्याच उन्हात ती माणसं राबून मेली. आजही जुलैच्या दुपारी आमच्या छपरावर कौलं बसवणारे कामगार आत येऊन बसत नाहीत. ऑस्टिन आणि डॅलस या शहरांनी बांधकाम मजुरांना दर चार तासांनी दहा मिनिटं विश्रांती देण्याचा नियम केला होता. 2023 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने असे स्थानिक नियम निष्प्रभ करणारा कायदा केला. दहा मिनिटं! आमच्या त्या बाकावर जेवढी जायची तेवढीच. हा कायदा मला क्रूर वाटतो, आणि उबदार हवेचं कौतुक करताना तो विसरायचा नाही, असं मी ठरवलं आहे.

फेब्रुवारी 2021 मध्ये थंडी आमच्यामागे इथे आली. पारा उणे 10 पर्यंत उतरला. मिनिआपोलिसला त्या थंडीत मुलं मधल्या सुट्टीत बाहेर खेळतात. इथे टेक्सासभर लाखो घरांची वीज गेली, पोटमाळ्यातले नळ फुटले, माणसं घरात गारठून मेली. आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती. जिन्याखालचं खोकं काढलं, कोट बाहेर आले. नळ बारीक धारेने चालू कसे ठेवायचे, सगळ्यांनी एकाच खोलीत कसं झोपायचं, हे गल्लीत आम्हालाच माहीत होतं. आम्ही घरोघर जाऊन सांगितलं. दोन कुटुंबं आमच्याकडेच राहिली. कढीपत्ता जमिनीपर्यंत काळा पडला.

त्या दोन दिवसांत लेक इतकी खूश होती की मला आधी तिचा राग आला. बोटभर बर्फात ती सकाळपासून होती. संध्याकाळी आत येऊन बाबापुढे पाय लांब करून बसली, त्याने बूट ओढून काढावेत म्हणून. बाकावर बसायची तसं. तेव्हा उमगलं. ती जन्मली तिकडे. मला जे ओझं वाटत होतं, ती तयारीच तिचं रोजचं सुख होतं: बाबा गुडघ्यावर बसून नाडी आवळतोय, आई गळपट्टा गुंडाळतेय, रोज सकाळी दहा-बारा मिनिटं दोघंही तिची. तिच्या वाटणीची ती मिनिटं आम्ही उन्हाच्या बदल्यात देऊन टाकली आणि तिला विचारलंही नाही. नऊ वर्षांची होती, विचारायला हवं होतं.

एप्रिलमध्ये कढीपत्ता मुळापासून फुटला. आता तो कुंपणाच्या वर गेलाय. मागच्या हिवाळ्यात जुने कपडे दान करताना आम्हा दोघांचे आणि आईचा असे तीन कोट दिले. लेकीचा तिला केव्हाच लहान झालाय, पण तिने तो देऊ दिला नाही. तो खोक्यात आहे.