देह हाही गुरूच

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकासाठी 'प्रत्येक वयात आरोग्य कसे सांभाळावे' यावर काही लिहा, असे मंडळींनी सुचवले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी काही डॉक्टर नाही. नेवासा तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक, वय 74, बारा वर्षांपासून साखरेचा त्रास. पण मग वाटले, औषधाचे डॉक्टर सांगतील. माझ्या हातून झालेल्या चुका मात्र मलाच सांगाव्या लागतील.

देह नाशवंत आहे, चार दिवसांचे भाड्याचे घर आहे, हे आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. मग त्या घराचे इतके लाड कशाला? बीपी मोजा, साखर मोजा, चालायला जा, याने देहबुद्धीच वाढते ना? हा प्रश्न मी मोठ्या ऐटीत लोकांना विचारत असे. गुरुवारी सकाळी साखरेची गोळी घ्यायची, दिवसभर तोंडात काही घालायचे नाही आणि आरतीनंतर ताटभर साबुदाण्याची खिचडी, असा माझा नेम. एका गुरुवारी पौर्णिमा आली. देवगडला दर्शनाच्या रांगेत उभा असताना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. मागच्या माणसाने हातातला पेढा माझ्या तोंडात घातला, म्हणून सावरलो.

घरी येऊन 'महाराजांनी वाचवले' असे मी सगळ्यांना सांगत सुटलो. सौ. एवढेच म्हणाली, "अहो, महाराजांनी वाचवलं खरं, पण पाडलं कोणी?"

मी हसण्यावारी नेले. तिलाही बीपीची गोळी होती. पाकीट संपले की आठ-आठ दिवस आणायचे राहून जाई. सगळ्यांचे झाल्यावर ती जेवायची, उरलेल्या भाकरीवर आणि मिरचीच्या ठेच्यावर भागवायची. दुखले-खुपले कधी बोलली नाही. मी त्याला तिचा सोशिकपणा म्हणायचो. मला त्याचा अभिमानही वाटे.

चार वर्षांपूर्वी मार्गशीर्षातच, अंगणात रांगोळी काढताना तिच्या हातातून रांगोळी गळाली. तोंड वाकडे झाले, शब्द जड येऊ लागले. थंडी भरली असेल म्हणून आम्ही तेल चोळले, अंगारा लावला, पाहुण्यांना फोन केले. नगरच्या दवाखान्यात पोहोचायला संध्याकाळ झाली. डॉक्टरांनी विचारले, "कधीपासून?" मी म्हणालो, "सकाळपासून." ते काही बोलले नाहीत. नंतर कळले, की गुठळीमुळे आलेल्या झटक्यात ती विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. अंगारा लावला ही चूक नव्हती. गाडी बोलावली नाही, ही चूक होती. तिचा उजवा हात पुन्हा उचलला नाही.

तेव्हापासून माझा तो ऐटीतला प्रश्न माझ्यावरच उलटला. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. पृथ्वी, वारा, पाणी, मधमाशी, मासा, अजगर. गळाला लागणारा मासा त्यांना जिभेचा मोह शिकवतो, तर साठा करणारी मधमाशी साठ्यापायीच जीव गमावते. हे आपल्याला पाठ असते. पण पुढे ते आपल्या देहालाही गुरू म्हणतात, हे आपण विसरतो. देह शेवटी मातीचा, हे ते सांगतातच. पण याच देहाच्या आधाराने तत्त्वाचा विचार करता येतो, हेही सांगतात. देहाची आसक्ती नको, पण म्हणून गुरूची हेळसांड कशी चालेल? गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे म्हटले आहे. त्यावरचे ज्ञानोबारायांचे निरूपण तर आपल्या नेवाशात, पैसाच्या खांबाशी झाले. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

आणखी एक गोष्ट कळली. माझे वैराग्य माझ्या ताटापुरते कधी नव्हतेच. मी आजारी पडलो तर निस्तरायचे तिने. ती उपाशी राहिली तर त्याला आम्ही घराची रीत म्हणायचे. दुसऱ्याच्या कष्टावर उभे असलेले वैराग्य म्हणजे निव्वळ निष्काळजीपणा.

सौ. दवाखान्यातून आली तेव्हा जामखेडकडे दिलेली माझी बहीण भेटायला आली. आल्या आल्या तिने विचारले, "दादा, वहिनीचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतं?" मला उत्तर देता आले नाही. तिला हा प्रश्न सुचला, कारण तिकडच्या बायांना असे विचारायची सवय आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या साध्या, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या बायांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायांपैकी मुक्ताबाई पोळ 1988 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. छताच्या झुंबराकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, की मोठे डॉक्टर असे देखणे, पण महाग आणि दूर. मग त्यांनी छोटासा दिवा लावला आणि सांगितले, की हा स्वस्त, साधा. पण याच्यावर दुसरा दिवा लावता येतो. आपल्या जिल्ह्यातल्या बाईने हे तिथे जाऊन सांगितले, आणि मला ते घरात शिकायला सत्तरी उलटावी लागली.

त्या दिव्यावर आपलाही दिवा लावावा, म्हणून जे शिकलो ते सांगतो.

घरात बाळ जन्मले तर पहिला चीक टाकून देऊ नका. तासाभरात आईचे दूध पाजा, आणि सहा महिने त्याशिवाय काही नको, मधाचे बोटही नको. जुलाब झाले तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहा, आणि दवाखाना गाठा. मुलगी वयात आली की तिचे रक्त तपासा. थकवा म्हणजे आळस नव्हे. गरोदर सुनेला सगळ्यांच्या शेवटी नाही, सगळ्यांच्या आधी वाढा. तिशीनंतर वर्षातून एकदा बीपी मोजून घ्या, मिश्री-तंबाखू सोडा, लोणचे-पापड बेताने. दिवसभराचे मीठ एका लहान चमच्याच्या आत असावे. आपल्या वयाच्या मंडळींनी रोज चालावे, न्हाणीघरात धरायला दांडी बसवावी, आणि साखरेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये, गोळीही मनाने बंद करू नये. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, की वेळ पाहून ठेवा आणि लगेच 108 ला फोन लावा. तेल नंतर चोळा.

आता माझा गुरुवार बदलला आहे. उपवास म्हणजे देवाजवळ बसणे, असे कीर्तनकार सांगतात. सकाळी पूजा झाली की मी यंत्र घेऊन सौ.जवळ बसतो, तिचे बीपी मोजतो, वहीत लिहितो. मग भाकरी दुधात कुस्करून तिला आधी वाढतो. ती डाव्या हाताने खाते. परवा म्हणाली, "आधी तुम्ही घ्या, तुमच्या गोळीची वेळ झाली." अजून सवय जात नाही तिची. मी म्हटलं, "दोघं बरोबरच घेऊ."

आपल्या घरात शेवटी कोण जेवते, ते आज रात्री एकदा पाहा, एवढीच विनंती.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.