भूमीच्या पोटातील सोने कोणाचे?

भूमीच्या पोटात दडलेले धन कोणाचे? शेताच्या धन्याचे, शोधणाऱ्याचे, खणणाऱ्याचे, की राजाचे? वेल्स देशातील एका ओसाड खाणीच्या इतिहासावरून ह्या प्रश्नाचा विचार करता येतो.

उत्तर वेल्समध्ये डॉलगेथ्ली गावाच्या उत्तरेस डोंगरात ग्विनव्हनिद नावाची सोन्याची खाण आहे. ऑस्ट्रेलियात वकिली करून परतलेले विल्यम प्रिचर्ड मॉर्गन यांनी ती 1887 च्या सुमारास जोराने चालविली. लोक त्यांस वेल्सचा सुवर्णराजा म्हणू लागले. 1888 साली ते पार्लमेंटाचे सभासदही झाले. परंतु खऱ्या राजसत्तेच्या वतीने हरकत निघाली की, हे सोने मॉर्गन यांचे नव्हे.

हरकतीचे मूळ 1568 सालच्या एका निवाड्यात होते. त्या वेळी इंग्लंडच्या न्यायाधीशांनी ठरविले की, जमीन कोणाचीही असो, तिच्यातील सोने व रुपे राजाचे. कारणे मुख्यतः दोन दिली. एक, धातूंत सोने श्रेष्ठ व मनुष्यांत राजा श्रेष्ठ, म्हणून श्रेष्ठ वस्तू श्रेष्ठाकडे जावी. दुसरे, राज्याच्या रक्षणास फौज व प्रजेच्या व्यवहारास नाणे पाहिजे, आणि तो भार राजाच्या शिरी आहे. पुढे 1688 व 1693 च्या कायद्यांनी तांबे, कथील, लोखंड व शिसे यांच्या खाणींना सूट मिळाली. पण मॉर्गन यांच्या खटल्यात ती सूट सोन्याच्या खाणीस लागू पडली नाही. परवान्यावाचून सोने काढण्यास त्यांस मनाई झाली.

वाचकहो, ह्या दोन कारणांत महदंतर आहे. पहिले मान्य केले, तर जो जो बलवान तो तो स्वतःस श्रेष्ठ म्हणवील आणि उत्तम तेवढे उचलून नेईल. दुसऱ्यात मात्र हक्काच्या गळ्यात कर्तव्याचे जोखड आहे. जोखड टाकले की हक्कही गेला. काळानेही हाच निवाडा दिला आहे. राजाचा तो हक्क ब्रिटनमध्ये आजही आहे. पण त्याचे उत्पन्न राजाच्या खासगी पेटीत न जाता सार्वजनिक तिजोरीत जाते.

ग्विनव्हनिदची खाण विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. सुवर्णराजा गेला, मजूरही गेले. त्या वादात मजूर पक्षकार नव्हता. दगड मात्र त्यानेच फोडला होता. म्हणून भूमीचे धन ज्याच्या हाती येते, त्याने आपणांस धनी न समजता कारभारी समजावे, आणि हिशेब देताना प्रथम त्या मजुराचे नाव काढावे.