सामान्य गांव

एखादें शहर पाहतांच मनांत भरावें आणि दुसरें पाहून झाल्यावर त्याची आठवणहि राहूं नये, याचें कारण काय, हा प्रश्न वरवर पाहतां प्रवाशांच्या करमणुकीचा वाटतो. त्याचीं ठराविक उत्तरेंहि तयार असतात: कोठें समुद्र असतो, कोठें किल्ला असतो, कोठें देव असतो. परंतु या प्रश्नाच्या पोटांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे असें आम्हांस वाटतें. 'हें गांव सामान्य आहे' असें म्हणण्याचा अधिकार कोणाचा, आणि तसें एकदां म्हटलें गेल्यावर त्या गांवाचें काय होतें?

दाखल्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. सोलापूर जिल्ह्यांत पंढरपूर आहे, दामाजीपंतांचें मंगळवेढें आहे, स्वामी समर्थांचें अक्कलकोट आहे, आणि एके काळीं गिरण्यांनीं गजबजलेलें व अद्यापि चादरींसाठीं नांवाजलेलें खुद्द सोलापूर आहे. याच जिल्ह्यांत, पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या वाटेवर, करकंब आहे. गांव लहान नव्हे. आसपासच्या वाड्यावस्त्यांचा बाजार येथें भरतो. तरी करकंबच्या विद्यार्थ्यास त्याचें गांव विचारावें, तर तो आधीं 'पंढरपूरजवळ' असें सांगतो आणि मग गांवाचें नांव घेतो. इतकीं वर्षें अध्यापनांत घालविल्यावर हें उत्तर आमच्या चांगलें ओळखीचें झालें आहे. पंढरपूरचा मुलगा 'करकंबजवळ' असें कधीं म्हणत नाहीं. ज्याचा पत्ता दुसऱ्या गांवाच्या नांवानें सांगावा लागतो तें सामान्य गांव, अशी व्याख्या तूर्त करूं.

अशीं गांवें अमेरिकेंत शेकड्यांनीं आहेत, आणि तेथें त्यांच्या सारखेपणाचें एक कारण नकाशावर बोट ठेवून दाखवितां येतें. 1785 च्या कायद्यानें ओहायो नदीपलीकडची जमीन सहा सहा मैलांच्या चौकोनांत मोजण्यास आरंभ झाला. मोजणीच्या साखळीस टेकडी आणि ओढा सारखेच. त्या चौकोनांवर पुढें जीं गांवें उभीं राहिलीं त्यांच्या रस्त्यांनाहि काटकोनाची संवय लागली. सिंक्लेअर लुईस याची 'मेन स्ट्रीट' ही 1920 ची कादंबरी अशाच एका गांवाच्या कंटाळवाणेपणावर लिहिलेली आहे. उलट न्यू ऑर्लिन्स किंवा सॅन फ्रान्सिस्को हें नांव उच्चारतांच डोळ्यांपुढें चित्र उभें राहतें. मात्र सगळा दोष बिचाऱ्या काटकोनाचा नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोचे रस्तेहि बहुतेक काटकोनांतच आखलेले आहेत. ते फक्त टेकड्यांवर चढविले आहेत, एवढेंच!

आमच्याकडून 1886 सालीं त्या देशीं गेलेल्या पंडिता रमाबाईंनीं 1889 सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें त्याचें नांव 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' असें आहे. त्यांत राज्यपद्धति, घरची राहणी, शिक्षण, स्त्रियांची स्थिति यांना मोठें स्थान आहे. लोकस्थिति आणि प्रवासवृत्त या दोन वस्तु भिन्न आहेत, हें बाईंच्या लक्षांत होतें. शहर डोळ्यांना दिसतें. लोकस्थिति कळण्यास तेथें थांबावें लागतें, विचारपूस करावी लागते.

थांबण्याचा हा मुद्दा करकंबास चांगला लागू पडतो. आषाढीच्या वारींत त्र्यंबकेश्वराहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीचा पंढरीपूर्वींचा एक मुक्काम करकंबास असतो. मोटारींतून जाणाऱ्यास हें गांव कांहीं मिनिटांचें आहे. नाशिक, नगर, करमाळा अशी वाट पायांनीं तुडवून आलेल्या वारकऱ्यास तें एका रात्रीचें आहे: तेथें पाणी मिळतें, भाकरी मिळते, पाठ टेकावयास ओसरी मिळते, आणि पंढरी आतां जवळ आली हें कळतें. त्या म्हाताऱ्या वारकऱ्यास कोणीं सांगावें कीं, बाबा, हें गांव सामान्य आहे? ज्याला गांवाची गरज पडली आहे त्याच्या तोंडीं हा शब्द येत नाहीं. ज्याचें गांवावांचून अडत नाहीं तोच तो उच्चारूं शकतो.

मग विशेषत्व म्हणजे केवळ पाहणाऱ्याच्या मनाचा खेळ ठरला, असें कोणी म्हणेल. तसें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. ज्यांच्या हातीं आराखडा आणि नकाशा असतो त्यांच्या मनांतला हा खेळ इतरांच्या घरांवर येतो. न्यू ऑर्लिन्सचेंच उदाहरण घ्या. तेथील जुनी फ्रेंच वस्ती जगप्रसिद्ध आहे. तिच्या अंगावरून, नदीच्या कांठानें, एक उंच मोटाररस्ता नेण्याचा बेत होता. लोकांनीं कित्येक वर्षें झगडून विरोध केला व 1969 सालीं तो बेत रद्द झाला. शहराचें विशेषत्व वांचलें म्हणून सर्वत्र आनंद झाला. परंतु त्याच शहरांत, तेथून थोड्याच अंतरावर, क्लेबोर्न ॲव्हेन्यू नांवाचा एक रस्ता होता. कृष्णवर्णीय लोकांच्या वस्तींतला तो रस्ता. मधोमध ओक वृक्षांच्या रांगा, त्यांच्या सावलींत मुलांचे खेळ व सणाचे मेळे, दोन्ही बाजूंस त्यांचींच दुकानें. 1966 सालीं तीं झाडें तोडलीं आणि त्या जागेवर उंच मोटाररस्ता उभा राहिला. परक्यांच्या डोळ्यांत भरणारें विशेषत्व वांचलें. जें केवळ तेथील रहिवाशांना ठाऊक होतें त्याची विशेषत्व म्हणून नोंदच नव्हती.

आमच्याकडे याचा दाखला भीमेच्या पाण्याखालीं आहे. उजनीचें धरण 1980 सालीं पुरें झालें. त्याच्या जलाशयाखालीं करमाळा, इंदापूर या तालुक्यांतलीं गांवेंच्या गांवें गेलीं. त्यांतलें पळसदेव हें एक. तेथील पळसनाथाचें प्राचीन देऊळ एरवीं पाण्यांत असतें. जलाशय फार आटला कीं तें वर येतें, आणि मग दुरून दुरून लोक छायाचित्रें घेण्यास धांवतात. गांव नांदत होतें तेव्हां त्यांतले किती जण तिकडे फिरकले असते? बुडाल्यानें गांव विशेष झालें, ही प्रतिष्ठा मोठी महाग पडली म्हणावयाची.

धरण बांधूं नये होतें, असें आमचें म्हणणें नाहीं. सोलापूर जिल्ह्याचा दुष्काळ ज्यांनीं पाहिला आहे ते असें सहसा म्हणणार नाहींत. त्या पाण्यानें पंढरपूर तालुक्याच्या पुष्कळ भागाचें रूप पालटलें, आणि त्या पाण्यावर वाढलेल्या उसाची साखर आमच्याहि चहांत पडत असेल. प्रत्येक गांव आपल्या माणसांस विशेषच असतें, तेव्हां या न्यायानें कोठलाच दगड हलवितां येणार नाहीं, हा आक्षेप खरा आहे. पण दगड हलविणें निराळें आणि तो दगडच होता असें म्हणणें निराळें. एका गांवानें दुसऱ्यांच्या शेतांसाठीं आपलीं घरें दिलीं, तर तें ऋण झालें. 'तें एक सामान्य खेडें होतें' असें म्हटलें कीं तें ऋण हिशोबाच्या वहींतून पुसलें जातें. या शब्दावर आमचा राग आहे तो एवढ्याचसाठीं.

विशेष गांवें तरी यांतून सुटतात काय? काशीस विश्वनाथाच्या देवळाभोंवतीं प्रशस्त मार्ग काढण्यासाठीं पुष्कळ जुनीं घरें पाडलीं व 2021 सालीं त्याचें उद्घाटन झालें. 2022 पासून तशीच योजना पंढरपुरासाठीं चर्चेंत आली आणि देवळाभोंवतींचे रहिवासी व व्यापारी विरोधास उभे राहिले. गर्दींत चेंगरणाऱ्या यात्रेकरूची सोय झाली पाहिजे, यांत वाद नाहीं. परंतु पंढरपूर विशेष आहे म्हणून तें काशीसारखें करावें, हें तर्कशास्त्र आम्हांस वर्गांत शिकवितां आलें नसतें. देऊळ विशेष, आणि त्याला लागून असलेला बोळ, ज्याच्या ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरू उतरत आले, तो सामान्य, अशी वांटणी येथेंहि होते. क्लेबोर्नच्या ओक वृक्षांचीहि वांटणी अशीच झाली होती.

लहान गांवांना आपल्या सामान्यपणाची लाज वाटूं लागली आहे, हें त्याहून वाईट. वेशीवर सिमेंटची कमान, चौकांत कारंजें, आणि अलीकडे गांवाच्या नांवाचीं रात्रीं उजळणारीं मोठालीं अक्षरें, मधें तांबड्या रंगाचें हृदय! पुढच्या गांवीं तींच अक्षरें, तेंच हृदय. फक्त नांव बदललेलें.

पंढरपूरच्या बोळासाठीं निदान वर्तमानपत्रांत मजकूर येतो, सभा भरतात, मंत्र्यांना उत्तरें द्यावीं लागतात. उद्यां एखाद्या रुंद रस्त्याची रेघ करकंबावरून ओढली गेली, तर ती ओढणारा प्रथम विचारील कीं, तेथें पाहण्यासारखें काय आहे? बाजाराच्या जागेकडे बोट दाखवावें, तर तेथें सहा दिवस मोकळी जमीन असते. ओसरीकडे दाखवावें, तर ती घरोघर असते. निवृत्तिनाथांची पालखी जेथें उतरते ती जागा दाखवावी, तर पालखी तेथें आषाढांत येते, आणि मोजणी करणारे लोक बहुधा उन्हाळ्यांत येतात.