युद्धनौका आणि सदसद्विवेक

मुळशी तालुक्याला समुद्र नाही. तरी पूर्वेकडील टेकड्यांपलीकडे खडकवासल्याच्या जलाशयाकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, आणि आमच्या भागातील मुलांना तिची ओढ लागावी यात नवल नाही. तेथील तीन वर्षांनंतर नौदलाचा छात्र केरळात एळिमला येथे जातो, पुढे प्रशिक्षण-नौकेवर. २०२२ पासून मुलींनाही ते दार उघडले आहे. मग पालक विचारतात, “फादर, माणसे मारण्याचा पेशा आपल्या मुलाने पत्करावा काय?”

या प्रश्नाला ख्रिस्तसभेने उत्तर दिलेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात, ७९व्या परिच्छेदात, देशरक्षणाचे कर्तव्य नीट बजावणारा सैनिक शांतीलाच हातभार लावतो असे मानले. आणि त्याच परिच्छेदात, वंशसंहाराच्या हुकमापुढे आंधळे आज्ञापालन ही सबब चालणार नाही, असेही बजावले. एवढे सांगून पालकांचे समाधान होते. आमचे होत नाही. युद्धनौकेवरील अधिकाऱ्याची खरी कसोटी कोणाला मारावे ही नसून, कोणाला पाण्यात सोडून जावे ही आहे, असे आम्हांस वाटते.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या आपल्या दोन नौका ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात होत्या. पाणबुडीने आधी किरपाणवर पाणतीर सोडला. तो फुकट गेला. दुसरा खुकरीला लागला आणि ती काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना बाहेर काढले आणि स्वतः नौकेबरोबर जलसमाधी घेतली. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. आम्हांला बोलायचे आहे ते दुसऱ्या नौकेविषयी. किरपाण तेथून दूर गेली. दुसऱ्या दिवशी ती आणखी नौकेसह परतली, तेव्हा वाचलेल्यांना वर घेण्यात आले. मधली रात्र त्या माणसांनी पाण्यात काढली.

हे भ्याडपण म्हणावे काय? उत्तर देण्यापूर्वी २२ सप्टेंबर १९१४ ची सकाळ आठवावी. हॉलंडच्या किनाऱ्याजवळ ‘अबुकीर’ या ब्रिटिश नौकेला जर्मन पाणबुडीचा पाणतीर लागला. बुडणाऱ्यांना उचलण्यासाठी ‘होग’ थांबली, ती बुडाली; ‘क्रेसी’ थांबली, तीही बुडाली. दीड तासाच्या आत तीन नौका आणि चौदाशेंहून अधिक माणसे.

हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यातील मेंढपाळ नव्याण्णवांना रानात ठेवून एकट्यासाठी निघतो. कप्तानाला ही मोकळीक नाही. त्याचे नव्याण्णव त्याच्याच पोलादी पोटात आहेत. त्याच्या दयेची किंमत ते भरणार. मनुष्य स्वतःचा प्राण देऊ शकतो. दुसऱ्यांचे प्राण देण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? म्हणून आमचे मत असे की, हाताखालच्यांसाठी जो दूर जातो आणि शक्य होताच परततो, त्याच्या माथी पाप नाही. स्वतःच्या जिवासाठी गेला असेल तर गोष्ट निराळी, आणि हा भेद बाहेरून कोणालाच दिसत नाही. किरपाणविषयीचा वाद म्हणूनच मिटत नाही. त्यात न्यायाधीश होण्याची आमची इच्छा नाही.

१९४९ च्या दुसऱ्या जिनिव्हा कराराचे १८वे कलम सांगते की, प्रत्येक चकमकीनंतर, विलंब न लावता, बुडालेल्यांच्या शोधासाठी शक्य ते सारे करावे. त्यात शत्रूही आला. सारा भार त्या ‘शक्य’ शब्दावर आहे. आणि शक्य काय हे ठरवतो, अंधारात उभा असलेला एक चाळिशीचा माणूस. शेजारी ना बिशप, ना वकील.

हे चित्र पालकांना पसंत पडत नाही. त्यांना मार्च २०२४ मधील ‘कोलकाता’ नौका आवडते: चाळीस तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. आम्हांलाही आवडते. परंतु नौका त्याच आणि तोफाही त्याच. मुलाने फक्त चांगले दिवस निवडून घ्यावेत, हे होत नाही. पगार, निवासस्थान, मानमरातब यांची चौकशी घरी झालेलीच असते.

चारित्र्याच्या दाखल्यासाठी मुले येतात तेव्हा आम्ही त्यांना विचारतो: मित्राला पाण्यात सोडून यावे लागले, तर त्याच्या आईला काय सांगशील? बहुतेक गप्प बसतात. एकजण म्हणाला, “पत्र नाही लिहिणार, फादर. स्वतः जाईन.” दाखला आम्ही गप्प बसणाऱ्यांनाही देतो.