समोरच्याचे डोळे

हॅलोजन काढून पांढराशुभ्र एलईडी बल्ब बसवला, की घाटातला रस्ता आपल्याला लख्ख दिसतो. पण एच४ हेडलाइटचा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. ती जागा जराशी चुकली, तरी लो बीमचा झोत वर फुटतो आणि समोरचा बाइकवाला क्षणभर आंधळा होतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो, की ८ मीटरवरच्या, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना झोताने दिपवू नये. कायदा इथे समोरच्याच्या डोळ्यांतून बघतो.

‘सगळेच लावतात, मग मीच का अंधारात चालवू?’ अंधारावर ६०/५५ वॅटचा चांगला हॅलोजन, स्वच्छ काच आणि नीट लावलेला झोत हाही उपाय आहे. एलईडीपेक्षा थोडं कमी दिसेल. तेवढं आपण त्या अनोळखी बाइकवाल्याचं देणं लागतो.