ईस्ट की वेस्ट?

अंधेरीत राहतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ईस्ट की वेस्ट? उत्तर ऐकल्यावर समोरचा मनातल्या मनात तुमचं भाडं, शेजार, मुलांची शाळा असा सगळा हिशेब मांडून मोकळा होतो. वेस्ट म्हणजे लोखंडवाला, सात बंगला, वर्सोवा, मालिका-सिनेमातली माणसं. ईस्ट म्हणजे मरोळची एमआयडीसी, सीप्झ, विमानतळाच्या कडेच्या वस्त्या आणि चाळी पाडून झालेल्या इमारती. शेजारच्या पार्ल्यात मात्र हा मान नेमका उलटा. तिथे ‘आम्ही ईस्टचे’ म्हणताना आवाज किंचित चढतो. तेव्हा दिशेत काही नाही. जे आहे ते मधल्या रुळांत आहे. महापालिकेनेही ते कधीच मान्य करून टाकलंय. तिच्या लेखी आम्ही ‘के पूर्व’ आणि ‘के पश्चिम’ असे दोन वेगळे विभाग आहोत. पिन कोडही वेगळे.

मुंबईत याहून चांगली जोडलेली वस्ती दाखवणं अवघड आहे, हे आधी कबूल करते. पश्चिम रेल्वेच्या जलद लोकल इथे थांबतात. हार्बरच्या गाड्या आहेत. ८ जून २०१४ पासून वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो आहे. २०२३ च्या जानेवारीपासून दहिसरकडून येणाऱ्या दोन मेट्रो पूर्ण लांबीने धावतायत. एक लिंक रोडवरून, एक द्रुतगती महामार्गावरून. मरोळ नाक्याला जमिनीखालून जाणारी मेट्रो-३ आहे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडला जाते. महामार्ग दाराशी, विमानतळ उशाशी. एजंट लोक हे सगळं एका दमात म्हणून दाखवतात आणि त्यात खोटं काही नसतं.

या जोडणीचं सुख जे रोज भोगतात त्यांनी तिला नावं ठेवताना जरा जपून बोलावं. नोकरी बदलली म्हणून इथे कुणाला घर बदलावं लागत नाही. बीकेसी, लोअर परळ, पवई, गोरेगाव, कुठेही रुजू व्हा, राहता तिथेच राहा. आमच्या इमारतीतल्या मुली रात्री अकराला परततात आणि आयांना त्याचं फार काही वाटत नाही, कारण त्या वेळी लेडीज डब्यातही माणसं असतात आणि स्टेशनबाहेर रिक्षाही. नालासोपारा-विरारहून घरकामाला येणाऱ्या बायकांची अख्खी कमाई या गाडीवर उभी आहे. बाईचं स्वातंत्र्य यावर आपल्याकडे बरीच व्याख्यानं झाली. मला त्यांच्या जोडीला रात्रीची शेवटची लोकलही मोजावीशी वाटते.

पण मग एक साधी गोष्ट विचारते. माझी बहीण चार बंगल्याला राहते, मी रुळांच्या अलीकडे. मेट्रो यायच्या आधी मला चर्चगेट गाठायला जेवढा वेळ लागे, जवळजवळ तेवढाच वेळ संध्याकाळी तिच्या घरी जायला लागायचा. अंतर बघितलं तर चर्चगेट वीस किलोमीटरच्या पलीकडे आणि बहीण पाचाच्या आत.

हे असं का, याचं उत्तर रेल्वेइतकंच जुनं आहे. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी निघाली, दिवसाला एक. त्या मोजक्या थांब्यांत अंधेरी होतं. गाडीचा हेतू स्वच्छ होता: उत्तरेची माणसं दक्षिणेच्या बंदरात, बाजारात आणि कचेरीत पोचवायची. त्याआधीची इथली वहिवाट वेगळी होती. चकाला, गुंदवली, मोगरा, मरोळ, कोंडिविटा ही गावं, आणि पश्चिमेला आंबोली अन् वर्सोव्याचा कोळीवाडा. यांचा आपसातला व्यवहार पूर्व-पश्चिम चालायचा, कारण मासळी समुद्राकडून यायची आणि भात-भाजी आतल्या बाजूला पिकायची. या वाटा रुळांनी मधोमध कापल्या. गावांची नावं तेवढी उरली, आणि गंमत म्हणजे गुंदवली, मोगरा, चकाला, मरोळ नाका ही आज मेट्रोची स्टेशनं आहेत. गावठाणात अजूनही ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी घरं दिसतात. त्यांच्या दारात उभं राहिलं की वरून मेट्रो जाताना दिसते.

पूर्व-पश्चिम रेल्वे इथे आधी कधी झालीच नाही असंही नाही. १९२८ मध्ये अंधेरी ते ट्रॉम्बे अशी साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे सुरू झाली होती. १९३४ मध्ये ती बंद पडली, रूळ उखडले गेले. त्यानंतर अंधेरीहून पूर्वेला रुळांवरून जायला आम्हाला ८० वर्षं थांबावं लागलं. मधल्या काळात आगरकर चौकातून घाटकोपरला जाणारी ३४० नंबरची बस होती. त्या बसने ज्यांनी साकीनाका पार केला त्यांना संयम म्हणजे काय हे वेगळं शिकवायला नको.

दूर जाण्याची सोय हे सरकारचं काम, आणि जवळ जाण्याचं ज्याचं त्याने बघून घ्यावं, हा आपल्या शहराचा अलिखित नियम आहे असं माझं मत होत गेलंय. दोष कुणा एका अभियंत्याचा नाही, मोजणीचा आहे. २०११ च्या जनगणनेत प्रवासाबद्दल विचारलं गेलं ते काय? कामाची जागा घरापासून किती लांब आणि तिथे कशाने जाता. मुलाला शाळेत सोडून, परत येताना दूध घेऊन, सासऱ्यांचं औषध आणून, दुपारी पुन्हा शाळेत जाणारी बाई दिवसात कितीदा घराबाहेर पडते, हे कुणी विचारलं नाही. ती काही ‘कामाला’ जात नव्हती! महानगर विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) २००८ च्या वाहतूक अभ्यासातच दिसतं की महानगर प्रदेशातल्या निम्म्याच्या आसपास फेऱ्या निव्वळ पायी होतात. पण या निम्म्यांसाठी कधी उद्घाटनाची फीत कापली गेली? फुटपाथाला लांबी असते, खर्च असतो, पण त्यावर उभं राहून भाषण करता येत नाही.

ही गोष्ट सगळ्यात उघडी पडली ती गोखले पुलाच्या वेळी. पूर्वेची तेली गल्ली आणि पश्चिमेचा एस. व्ही. रोड यांना जोडणारा हा पूल. ३ जुलै २०१८ च्या सकाळी, भर पावसात, त्याच्या पादचारी मार्गाचा भाग रुळांवर कोसळला. नीट ध्यानात घ्या, मोटारींचा नाही, चालणाऱ्यांचा भाग. जीवितहानी झाली. पश्चिम रेल्वे तासन्‌तास बंद राहिली आणि मगच उरलेल्या शहराला कळलं की अंधेरीत असा एक पूल आहे. ७ नोव्हेंबर २०२२ ला पूल धोकादायक म्हणून पूर्ण बंद झाला. मग गाडीवाल्यांना पर्याय सांगितले गेले: पार्ल्याचा कॅप्टन विनायक गोरे पूल, सांताक्रूझचा मिलन पूल, जोगेश्वरीचा बाळासाहेब ठाकरे पूल, गोरेगावचा मृणालताई गोरे पूल. यादी कागदावर उत्तम दिसत होती. समोरच्या बाजूच्या दवाखान्यात जायला पुढच्या-मागच्या उपनगराला वळसा घाला, असा तिचा अर्थ होता. अंधेरीचा भुयारी रस्ता होता म्हणा, पण जरा जोराची सर आली की तिथे पाणी तुंबतं आणि पोलीस आडवे कठडे लावतात. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांना तोच फोटो मिळतो.

त्या पंधरा-सोळा महिन्यांत आमच्याकडे संसारातल्या बारीकसारीक गोष्टी बदलल्या. शिकवण्या बदलल्या, दातांचे डॉक्टर बदलले, वेस्टच्या मंडळातल्या भजनाला जाणाऱ्या बायकांनी ईस्टला नवं मंडळ काढलं. नोकरी मात्र एकाचीही गेली नाही; चर्चगेटची गाडी वेळेवर होती.

२६ फेब्रुवारी २०२४ ला पुलाची एक बाजू खुली झाली तेव्हा कळलं की तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला भेटतच नाही. दोघांच्या पातळीत साधारण दीड मीटरचा फरक. त्यावरचे विनोद महिनाभर पुरले. पुढे व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेचा सल्ला घेऊन बर्फीवाला पुलाचा तो भाग जॅक लावून उचलला आणि त्या जुलैत दोन्ही पूल जुळले. लोक हसले ते चुकीला. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसत होती. कोट्यवधींचे दोन पूल हाताच्या अंतरावर उभे होते आणि नवा उभारताना शेजारच्या जुन्याच्या उंचीशी त्याची सांगड कुणी घातली नव्हती.

हे दुखणं एकट्या अंधेरीचं नाही. डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ च्या सप्टेंबरात बंद झाला, तो दोन वर्षांनी उघडला. विक्रोळीकर पूर्व-पश्चिम पुलाची वाट बघत म्हातारे झाले. तो जून २०२५ मध्ये मिळाला. आणि पूल नसला की माणूस काय करतो हे सगळ्यांना माहीत आहे. महासाथीची वर्षं सोडली तर मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, त्यातली निम्म्याच्या आसपास रूळ ओलांडताना. रेल्वेच्या भाषेत ते अतिक्रमण. त्यातले कितीतरीजण आपल्याच गावाच्या दुसऱ्या अर्ध्यात निघालेले असतात. पादचारी पूल असूनही त्याचा जिना न चढणाऱ्यांना बेशिस्त म्हणणं सोपं आहे. गुडघे दुखत असताना दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तो चढून बघावा.

या जोडणीची आणखी एक किंमत आहे, ती जमिनीवरून दिसत नाही. विमानतळामुळे सांताक्रूझपासून घाटकोपरपर्यंत धावपट्टीच्या टोकांना इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. लोक त्याला ‘फनेल झोन’ म्हणतात. विमानाने दुबई तीन तासांवर आली, आणि त्याच विमानापायी पन्नास वर्षं जुन्या, गळक्या इमारतीचा पुनर्विकास बिल्डरला परवडत नाही. जवळच्यांनी दूरच्यांसाठी मान खाली घालून राहायचं, हे इथे अक्षरशः खरं आहे.

वर्सोवा-घाटकोपरची मेट्रो-१ मात्र मला मनापासून आवडते, आणि तिच्या वेगापेक्षा दुसऱ्याच कारणाने. ती बांधली गेली मुख्यतः चाकरमान्यांसाठी, दोन रेल्वेमार्ग जोडायला. पण सकाळी अकरानंतर आत बघा. आझादनगरला माहेरपणाला निघालेली लेकुरवाळी, चकाल्याच्या क्लासची पोरं, वर्सोव्याला हवा खायला निघालेली पेन्शनर जोडपी. कुणाच्याही आराखड्यात नसलेली ही माणसं रुळांवरून आरामात पलीकडे जातात. बहिणीचं घर आता पाऊण तासावर आलंय, त्यातला निम्मा वेळ अजूनही दोन्हीकडच्या स्टेशनांपासून घरापर्यंत पोचण्यात जातो.

गोखले पूल अखेर मे २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी पूर्ण खुला झाला. त्याच महिन्यात बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं, वातानुकूलित बसचं सहाचं बारा. एके काळी चार हजारांवर असलेला बेस्टचा ताफा आता तीन हजारांच्या आत आलाय. आमच्या मजल्यावरच्या काकूंचं बँकेचं खातं वेस्टला आहे. पूल बंद होता तेव्हा त्या म्हणायच्या, उघडला की बसने जाईन. आता पूल आहे, जाऊन-येऊन चोवीस रुपये आहेत, आणि बस कधी येईल ते स्टॉपवर उभ्या असलेल्या कुणालाच सांगता येत नाही. म्हणून त्या खातं ईस्टच्या शाखेत हलवायचा अर्ज घेऊन आल्या आहेत.